जनरेटरच्या मागे लावलेली चित्रं

आमच्या जिल्ह्याच्या गावी परवा तीन दिवसांचा कला महोत्सव झाला. सेल्फीसाठी फुलपाखराचे पंख होते, टीव्हीवरचे गायक होते, मिसळीपासून मोमोपर्यंत सगळं होतं. पाहुण्यांच्या स्वागताचा फ्लेक्स तर दुमजली. आणि चित्रं? मांडवाच्या शेवटच्या टोकाला, जनरेटरच्या मागे. तिथे एका माणसाची नऊ तैलचित्रं पाहिली आणि मग गाणी ऐकायला गेलोच नाही.

चित्रकार शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं तयार करण्यात वर्षं गेली. (त्याला न विचारता नाव टाकत नाही.) चित्रं माणसांचीच, पण स्वप्नात दिसावीत तशी. बाजार समितीतला मोठा तराजू. एका पारड्यात उघडाबंब शेतकरी, दुसऱ्यात त्याचाच घडी घातलेला सदरा. सदऱ्याचं पारडं खाली गेलंय. दुसऱ्या चित्रात एसटी स्टँडच्या बाकावर तरुण पोरगा. छातीच्या जागी दुकानाचं शटर, अर्धं उघडं, आत पिवळा बल्ब. बोटं, नखं, सदऱ्याची उसवलेली शिवण, सगळं चोख. म्हणूनच ते अंगावर येतं. हात कच्चा असता तर नुसती गंमत झाली असती.

आंद्रे ब्रेताँने १९२४ साली पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला, म्हणून हे काहीतरी फ्रेंच आहे असं समजायचं कारण नाही. कोलकात्याच्या बिकाश भट्टाचार्जींनी सत्तरच्या दशकात बाहुल्यांची चित्रमालिका केली. नक्षलवादी चळवळीच्या हिंसाचाराने शहर हादरलेलं, आणि त्या चित्रांत ना घोषणा ना झेंडे. एक टाकून दिलेली बाहुली, तीही इतकी खरी की भीती वाटावी.

"लोकांना हे कळत नाही हो," संयोजकांपैकी एक जण म्हणाले. त्याच संध्याकाळी एक हमाल बराच वेळ त्या तराजूसमोर उभे होते. शेवटी चित्रकाराला म्हणाले, "सर, काट्यात पासंग आहे की!" इतकी नेमकी समीक्षा मी बऱ्याच दिवसांत वाचलेली नाही. हत्तीचं डोकं असलेला देव आणि तीन शिरांचे दत्त आपण लहानपणापासून बघतो, कुणी दचकत नाही. फरक एवढाच की त्यांचा अर्थ आजीने आधीच सांगून ठेवलेला असतो. इथे तो आपला आपण शोधायचा, आणि त्यासाठी चित्रापुढे थोडा वेळ उभं राहता आलं पाहिजे. जनरेटरच्या धुरात किती वेळ उभं राहणार?

आपल्याकडे चित्रकार मागेच पडतो. कोकणातल्या नागावात जन्मलेले प्रभाकर बरवे घ्या. स्वप्नातल्यासारखं अवकाश रंगवणारा मोठा चित्रकार, 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीत लिहिणारा. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्याबद्दल अमोल पालेकर बोलायला लागले, तेव्हा त्यांना मध्येच अडवलं गेलं. त्यावर वाद झाला, व्हायलाच हवा होता. पण ते प्रदर्शन कुणाचं होतं, हे आज दहा जणांना विचारून बघा.

माझा मुद्दा साधा आहे. बहुतेक जिल्ह्यांच्या गावी नाट्यगृह असतं, गळकं का होईना. चित्रं बघायला वर्षभर उघडी असलेली एक भिंत मात्र नसते. मुंबईत जहांगीर आहे, १९५२ पासून, पण तिथली तारीख मिळायला काही वर्षं थांबावं लागतं. मग गावचा चित्रकार वर्षातून तीन दिवस दिसतो आणि सोमवारी चित्रं टेम्पोत घालून घरी नेतो. नऊपैकी एकही विकलं गेलं नाही.

वाचनालयाचा वरचा हॉल मोडक्या खुर्च्यांनी भरलाय. तो रिकामा करायचा, रंग द्यायचा, बरे दिवे लावायचे आणि संध्याकाळी एक माणूस बसवायचा. महिन्याला एक चित्रकार. गायकांच्या मानधनातला थोडा हिस्सा वळवला तरी भागेल. पुढच्या महोत्सवाच्या बैठका दिवाळीनंतर सुरू होतील, तिथे हे लेखी देणार आहे. सही करायची असेल त्यांनी कळवा.