बंदुकीचा दस्ता आणि कार्यानुभवाचा तास

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. गेल्या वर्षी आम्ही दोघं मुलीकडे कोलोरॅडोला पाच महिने राहून आलो. आल्यापासून जो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" पाहायचं ते सगळं पाहिलंच. पण माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये, एका बंदुकीचा दस्ता तयार होताना बघण्यात. हे सांगितलं की समोरचा जरा गप्पच होतो. पस्तीस वर्षं गांधीजयंतीची भाषणं बसवून घेणाऱ्या मास्तरांना बंदुकीचं कसलं कौतुक! म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो.

शेजारी माझ्याच वयाचा. विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता, आता निवृत्त. दर वर्षी थंडीच्या सुरुवातीला तो डोंगरात एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं, पण त्याहून थोराड हरीण. डोंगर दहा हजार फुटांचा, त्यात खांद्यावर रायफल. तिचा दस्ता अक्रोडाचा, जुना आणि देखणा. पण लाकूड ते लाकूडच. ओल धरतं, फुगतं, सुकलं की आकसतं. फुगलेलं लाकूड नळीला टेकलं की नेम हलतो. शिवाय वजन. म्हणून त्याने कार्बन फायबरचा दस्ता घरीच करायचा असं ठरवलं. "विकत मिळत नाही का?" असं मी माझ्या पुस्तकी इंग्रजीत विचारलं. मिळतो म्हणाला, पण मला करायचाय. झालं, माझी रोजची हजेरी सुरू.

माझ्या आधीपासून तिथे हजर होता आमचा नातू. वय अकरा, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी.

आधी फोमच्या ठोकळ्यातून दस्त्याचा नमुना कोरला. कानस, मग पॉलिश पेपर, मग लांबी, पुन्हा पॉलिश पेपर. यातच दोन आठवडे गेले. मग त्या नमुन्यावरून दोन अर्ध्या भागांचा साचा. साच्याला आतून मेण, तेही एकदा नव्हे, पाच-सहा वेळा, आणि त्यावर एका द्रावाचा पातळ पापुद्रा, म्हणजे माल साच्याला चिकटत नाही. त्यानंतर ते काळं कापड. चटईसारखी वीण, हातात रेशमासारखं. त्यातला एकेक तंतू सुमारे 7 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण दहाव्या भागाइतका बारीक. याची ताकद फक्त तंतूच्या दिशेने असते, म्हणून एक थर सरळ घालायचा, दुसरा तिरका. थरांवर एपॉक्सी रेझिन ब्रशने जिरवायचं, वरून प्लॅस्टिक लावून चारी बाजू बंद करायच्या आणि पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. मग बाहेरची हवाच कापडाला साच्यावर दाबून धरते. हवेला दाब असतो हे मी किती वर्षं शिकवलं! पालथा पेला आणि पुठ्ठा, एवढाच प्रयोग. तो दाब असा कामाला लावलेला मी पहिल्यांदा पाहिला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी नातवाने एक घोळ केला. रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजून मिसळायचं काम त्याच्याकडे होतं. पुन्हा पुन्हा कशाला मोजायचं म्हणून पठ्ठ्याने एकाच पेल्यात भरपूर कालवून ठेवलं. पाच-दहा मिनिटांत पेला तापला, धूर निघायला लागला, सगळ्याचा दगड झाला. मी असतो तर आवाज चढवला असता. म्हातारबुवांनी चिमट्याने पेला उचलून बाहेर वाळूत ठेवला आणि पोराला विचारलं, "पसरट थाळीत कालवलं असतं तर?" पोराने विचार केला. म्हणाला, "उष्णता निघून गेली असती." मग नवं रेझिन पसरट थाळीत, थोडं थोडं. विषय संपला.

पहिला अर्धा भाग तर वायाच गेला. तो पापुद्रा एका कोपऱ्यात लागायचा राहिला होता, तिथे माल साच्याला असा चिकटला की पटाशीने फोडून काढावा लागला. महिन्याभराचं काम. दोघं थोडा वेळ ओट्यावर नुसते बसून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी साचा दुरुस्त करायला घेतला.

पुढचं थोडक्यात सांगतो. दोन भाग जोडले, आत फोम भरला. स्क्रू जिथे आवळायचे तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या, म्हणजे आवळताना दस्ता चेपत नाही. शेवटी रायफल बसवून नळी आणि दस्ता यांच्या फटीतून त्याने डॉलरची नोट सरकवत नेली. नोट कुठेही अडली नाही. नळी मोकळी आहे का, हे बघायची ही तिथली जुनी पद्धत. अक्रोडाचा दस्ता भरला होता अकराशे ग्रॅम, हा भरला आठशेच्या आत. हलक्या रायफलीचा धक्का खांद्याला जास्त बसतो, हेही त्याने हसत सांगितलं. फुकट काही मिळत नाही!

आता घरातलं सांगतो. आमच्या मुलीला हे मुळीच पसंत नव्हतं. "बाबा, तुम्ही तरी त्याला तिथे जाऊ देऊ नका ना." तिचं चुकतं असं कसं म्हणू? तिच्या घरापासून अर्ध्या तासावर कोलंबाइन हायस्कूल आहे. 20 एप्रिल 1999 रोजी तिथल्याच दोन मुलांनी बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले. शाळेजवळच्या बागेतलं स्मारक मी बघून आलो. डेव्ह सँडर्स या शिक्षकाचं नाव वाचलं. मुलांना सुरक्षित बाहेर काढता काढता गेला तो. शिक्षकाला शिक्षकाचं नाव वाचताना काय होतं ते लिहिता येत नाही. आमच्या नातवाला शाळेत, गोळीबार झाला तर दिवे मालवून कोपऱ्यात कसं बसायचं, याची तालीम देतात. आपल्याकडे भूकंपाची देतात तशी.

कायद्याच्या दृष्टीने नुसता दस्ता म्हणजे बंदूक नव्हे. तिथे रिसीव्हर नावाच्या भागाला बंदूक समजतात, बाकीचं सगळं सामान. जावयांनी हे सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आईला कायदा सांगू नका." बरोबरच होतं तिचं.

तरीही मी तिला म्हणालो, जाऊ दे त्याला. का, ते सांगतो.

माझे वडील सुतार. फलटण तालुक्यातल्या गावात बाभळीचे नांगर, कुळव, गाड्यांची चाकं करायचे. मी पाचवीत असताना एकदा त्यांचा वाकस उचलला तर त्यांनी तो हातातून काढून घेतला. "तू शीक," म्हणाले. शिकलो, बी.ए. झालो, मास्तर झालो. त्यांच्या दृष्टीने सोन्याचा दिवस. पण त्या दिवसापासून माझे हात लिहिण्यापुरतेच उरले. आणि मी पुढे काय केलं? आमच्या शाळेत वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असायचा. माझा मराठीचा अभ्यासक्रम मागे पडला की मी तो तास मागून घ्यायचो. कोणी हरकत घेत नसे. तास झालाच तर मुलं क्रेपची फुलं आणि पुठ्ठ्याचे खडू ठेवायचे डबे करायची. ती फुलं कुणाला हवी होती? कुणालाच नाही. मुलांना ते पक्कं ठाऊक असायचं. डबा वाकडा झाला तर बिघडायचं काय? दहापैकी सहा गुण मिळायचे.

नांगर वाकडा झाला तर शेतकरी दारात येऊन उभा राहायचा. मला वाटतं हात शिकतो तो तिथेच, जिथे ती वस्तू कुणाला तरी खरोखर हवी असते आणि बिघडली तर कुणाचं तरी नुकसान होतं. आमच्या शाळेने (म्हणजे मीच) हात तर काढून घेतला आणि वर "ही मुलं कामाची नाहीत" असंही म्हणत राहिलो. नातवाला गुणोत्तर कळलं ते त्या धुरातून. माझ्या फळ्यावर ते कधीच कळलं नसतं.

मुलीचा प्रश्न मात्र उरतोच. म्हणाली, "मग बंदूकच का? होडीचं वल्हं करा." मी ते शेजाऱ्याला विचारलंसुद्धा. त्याने शांतपणे सांगितलं, "वल्हं नक्की होईल. पण मला वल्हं नको आहे." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. खरी गरज असलेलं काम हवं म्हणायचं, आणि ती गरज आपल्या पसंतीचीच असावी असाही हट्ट धरायचा, हे जुळत नाही. त्या घरात गरज होती बंदुकीची. मला ती आवडत नाही, आजही नाही. दस्ता पूर्ण झाल्यावर रायफल हातात घेऊन बघा म्हणाला, मी नको म्हणालो. दस्ता सुटा असताना मात्र शंभर वेळा हात फिरवला होता.

असो. आता नवा पेच आला आहे. कोलोरॅडोत बारा वर्षं पूर्ण झाली की मुलाला मोठ्या जनावरांच्या शिकारीचा परवाना मिळू शकतो. आधी सुरक्षिततेचा वर्ग पूर्ण करायचा आणि सोबत मोठं माणूस हवं. नातवाला लवकरच बारा पूर्ण होतील. वर्गाला नाव घालू का, म्हणून त्याने आईला विचारलंय. रविवारी मुलीचा फोन होता. "बाबा, गॅरेजमध्ये जाऊ दे म्हणाला होतात. आता बोला."

मी म्हटलं, तुझ्या आईशी बोलून सांगतो. सौ. म्हणते, मला यात ओढू नका. रविवार परवावर आला आहे.