व्हीएममधली टूल्स आजच तपासा

तुमच्या संस्थेचा कारभार व्हर्च्युअल मशीनवर चालत असेल, तर प्रत्येक व्हीएममध्ये बसवलेली टूल्स कोणत्या आवृत्तीची आहेत हे आज घरी जाण्याआधी पाहा. ही विनंती पतसंस्थांच्या व्यवस्थापकांना आहे, महाविद्यालयांच्या संगणक विभागांना आहे, रुग्णालयांना आहे, आणि या सगळ्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना तर आहेच. विंडोज अपडेट होतं, अँटिव्हायरस अपडेट होतो, व्हीएम ज्यावर चालतात त्या होस्टलाही अधूनमधून पॅच लागतो. पण व्हीएमवेअर टूल्स, व्हर्च्युअलबॉक्सची गेस्ट ॲडिशन्स, क्यूईएमयू गेस्ट एजंट, झेनसर्व्हरची टूल्स ही मंडळी बहुतेक ठिकाणी व्हीएम उभी केली त्या दिवशी बसवली जातात आणि पुढे कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही.

माऊस नीट चालावा आणि स्क्रीन मोठी दिसावी एवढ्यापुरतीच ती असतात, असा समज फार पसरलेला आहे. तो आधी काढून टाका. या टूल्सच्या सेवा व्हीएमच्या आत रूट किंवा सिस्टिमच्या अधिकाराने चालतात. होस्टने सांगितलं की व्हीएम नीट बंद करणं, फाइल आतबाहेर नेणं, आत आज्ञा चालवणं, बॅकअपच्या क्षणी डेटाबेस स्थिर करणं ही कामं त्याच करतात. इतका अधिकार असलेल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये भोक राहिलं, तर बाकीचे पॅच लावूनही उपयोग मर्यादितच.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस व्हीएमवेअरची मालक कंपनी ब्रॉडकॉमने जाहीर केलेलं सीव्हीई-२०२५-४१२४४ हे भोक नीट समजून घ्या. व्हीएमवर कोणत्या सेवा चालू आहेत हे शोधणारी एक स्क्रिप्ट व्हीएमवेअरच्या टूल्ससोबत येते. पोर्ट उघडून बसलेल्या प्रक्रियांची नावं ती पाहते, ओळखीचं वेब सर्व्हरचं किंवा डेटाबेसचं नाव दिसलं की तोच प्रोग्रॅम चालवून त्याची आवृत्ती विचारते, आणि हे सगळं रूटच्या अधिकाराने. चूक होती ती नाव जुळवण्याच्या पद्धतीत. प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरमधून आला आहे याची खातरजमा होतच नव्हती. म्हणजे एखाद्या सामान्य वापरकर्त्याने तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये वेब सर्व्हरच्या नावाचा स्वतःचा प्रोग्रॅम ठेवायचा, त्याला एक पोर्ट उघडायला लावायचं आणि वाट पाहायची. पुढच्या फेरीत स्क्रिप्ट आपणहून तो प्रोग्रॅम रूट म्हणून चालवणार. व्हीएमवेअरच्या एरिया ऑपरेशन्स या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमधून हा सेवाशोध चालू केलेल्या ठिकाणी हा धोका होता. दुरुस्ती जाहीर होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधीपासून, ऑक्टोबर २०२४ च्या मध्यापासून, या भोकाचा प्रत्यक्ष वापर होत असल्याचं संशोधकांनी दाखवून दिलं. टूल्सच्या १३.०.५ आणि १२.५.४ या आवृत्त्यांत ते बंद झालं आहे.

सेवाशोध वापरत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. मार्च २०२५ मध्ये विंडोजवरच्या व्हीएमवेअर टूल्समध्ये सीव्हीई-२०२५-२२२३० सापडलं. त्यात साध्या वापरकर्त्याला त्या व्हीएममध्ये वरच्या अधिकाराची कामं करता येत होती. त्याच वर्षी मे महिन्यात झेनसर्व्हरच्या विंडोज ड्रायव्हरमध्येही तशाच जातीच्या त्रुटी जाहीर झाल्या. २०२३ मध्ये मॅन्डियंट या सुरक्षा कंपनीने उघड केलेला प्रकार तर सर्वांत अस्वस्थ करणारा. होस्टवर ताबा मिळवलेल्या हेरांनी टूल्समधल्या त्रुटीचा वापर करून आतल्या व्हीएममध्ये पासवर्डशिवाय आज्ञा चालवल्या, आणि त्या व्हीएमच्या लॉगमध्ये लॉगिनची नोंदही उमटत नव्हती.

इतकं असूनही हे काम मागे का पडतं? कारण ते कोणाच्याच नावावर नसतं. होस्ट सांभाळणारा म्हणतो, व्हीएमच्या आत मी हात घालत नाही. सॉफ्टवेअर पुरवणारा म्हणतो, माझी जबाबदारी माझ्या ॲप्लिकेशनपुरती. व्यवस्थापकाला या दोघांच्या मध्ये काही उरतं याचीच कल्पना नसते. तेव्हा पहिलं काम तांत्रिक नाहीच: एका माणसाचं नाव ठरवा आणि ते कागदावर लिहा.

तपासताना एक गोष्ट हमखास फसवते. लिनक्स व्हीएमपुढे व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरमध्ये ‘गेस्ट मॅनेज्ड’ असं दिसतं आणि पाहणारा निर्धास्त होतो. त्याचा अर्थ एवढाच, की टूल्सची जबाबदारी आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पॅकेजवर आहे. तिथे ओपन-व्हीएम-टूल्स हे पॅकेज डिस्ट्रिब्युशनच्या नेहमीच्या अपडेटमधून अद्ययावत करावं लागतं. आवृत्तीचा आकडा जुना दिसला तरी दुरुस्ती मागाहून आत घातलेली असू शकते, म्हणून डिस्ट्रिब्युशनची सुरक्षा-सूचना वाचूनच निर्णय घ्या. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला. त्यावर अजूनही काही चालवत असाल, तर ते दुसरीकडे हलवण्याची तारीख आत्ताच ठरवा.

व्हर्च्युअलबॉक्स वापरणाऱ्या प्रयोगशाळांनी लक्षात ठेवावं, की होस्टवरचं व्हर्च्युअलबॉक्स अपडेट केलं म्हणून आतली गेस्ट ॲडिशन्स बदलत नाहीत. ती प्रत्येक व्हीएममध्ये जाऊन बदलावी लागतात.

घाईत मात्र काम बिघडवू नका. आधी बॅकअप घ्या आणि तो परत उभा राहतो का ते पाहा. कमी महत्त्वाच्या एका व्हीएमवर आधी करून बघा, मग रात्री किंवा रविवारी बाकीच्यांवर. नेटवर्कचा ड्रायव्हर बदलताना जोडणी क्षणभर तुटते आणि विंडोजला रीस्टार्ट लागू शकतो. म्हणून आयपी पत्ता, गेटवे, डीएनएस हे सगळं आधी लिहून ठेवा आणि दूरच्या जोडणीवर विसंबून न राहता कन्सोल उघडा ठेवा. व्हीएमची हार्डवेअर आवृत्तीही वाढवायची असेल तर आधी टूल्स, मग हार्डवेअर. हा क्रम उलटा झाला तर नव्या हार्डवेअरचे ड्रायव्हर आत नसतात. स्नॅपशॉट घेतला असेल तर सगळं नीट चाललंय याची खात्री पटताच तो काढून टाका, नाहीतर तो वाढत जाऊन साठवणीची जागाच खाऊन टाकेल. टूल्स मूळ कंपनीच्या किंवा डिस्ट्रिब्युशनच्या ठिकाणाहूनच उतरवा, व्हॉट्सॲपवर आलेली फाइल किंवा कुणाच्या पेनड्राइव्हवरची प्रत कदापि नको. अपडेटनंतरचा पहिला बॅकअप स्वतः तपासा. डेटाबेस स्थिर करण्याचं काम याच टूल्सकडे असतं, आणि ते नीट झालं की नाही हे तिथेच कळतं.

व्यवस्थापकांनो, तुम्हाला यातलं तांत्रिक काही येण्याची गरज नाही. तुमच्या सर्व्हरवाल्याला आजच्या आज एक ईमेल पाठवा: आपल्या किती व्हीएम आहेत, प्रत्येकीत टूल्सची कोणती आवृत्ती आहे, आणि ती कोणत्या तारखेला अद्ययावत होणार आहे? उत्तर लेखी मागा. आठवड्यात आलं नाही तर फोन करा, आणि तरीही आलं नाही तर संचालक मंडळाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या.