सिंक बदला, पण पावसाळ्यात

सिंक सेवा वारंवार दगा देऊ लागली की माणूस लगेच दुसरी शोधू लागतो. वन्यजीवांची माहिती सांभाळणाऱ्यांनी त्याआधी वनरक्षकाचा फोन उघडून पाहावा. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या एम-स्ट्राइप्स या अ‍ॅपमध्ये गस्तीचा ट्रॅक आधी फोनमध्ये साठतो आणि नेटवर्क मिळाल्यावर वर जातो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या सुमारे 1,727 चौरस किलोमीटरमध्ये हे नेटवर्क केव्हा मिळते, ते मोहर्ली परिक्षेत्रात पायी फिरणाऱ्यालाच ठाऊक.

तोवर ती माहिती फक्त त्या फोनमध्ये असते.

नोव्हेंबर 2023 मध्ये गूगल ड्राइव्हच्या संगणकावरील अ‍ॅपची 84वी आवृत्ती वापरणाऱ्या काहींच्या फायली अचानक दिसेनाशा झाल्या. त्या होत्या अजून वर न चढलेल्या. गूगलने दुरुस्ती देईपर्यंत बजावले: खाते तोडू नका, अ‍ॅपच्या डेटाच्या फोल्डरला हात लावू नका. आपल्याकडे मात्र सेवा बदलायची म्हटले की पहिला हुकूम सुटतो तो जुने अ‍ॅप काढून टाकण्याचा!

दुसरा घोळ घड्याळाचा. बहुतेक सर्व्हर वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. पहाटे 5.15 ला सुरू झालेली गस्त तिथे आदल्या रात्रीची 11.45 होते. नव्या सेवेने अहवाल काढताना वेळ बदलून घेतली नाही, तर 1 तारखेची गस्त मागच्या महिन्याच्या खात्यात पडते. कॅमेरा ट्रॅप मात्र आपल्या घड्याळाचीच वेळ फोटोवर टाकतो; म्हणजे एकाच पाणवठ्यावरची वाघाच्या पगमार्कची नोंद आणि त्याचा फोटो यांत फुकटचे साडेपाच तास येतात. त्यात कोणी ‘मोहर्ली’ लिहितो, कोणी ‘मोहुर्ली’. नावाऐवजी बीटचा सांकेतिक क्रमांक वापरलेला बरा.

फोटोंचा हिशेब वेगळाच. 2018 च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले आणि सुमारे 3.49 कोटी फोटो निघाले. त्यांतले वाघाचे 76,651. असा ढीग परिक्षेत्राच्या तुटक्या लाइनवरून क्लाउडवर चढवण्याचा हट्ट धरू नये. दोन हार्ड डिस्कवर प्रती घ्याव्यात, फायलींची संख्या जुळवावी, मगच मेमरी कार्ड पुसावे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: इकडे पुसलेले तिकडेही पुसले जाते.

सेवा बदलण्याची वेळ दर वेळी आपण ठरवतो असेही नाही. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने आपली अ‍ॅटलस डिव्हाइस सिंक बंद करत असल्याचे सप्टेंबर 2024 मध्ये सांगितले आणि 30 सप्टेंबर 2025 पर्यंतची मुदत दिली. ताडोबाच्या सफारी बुकिंगचे 2023 मध्ये खासगी कंपनीशी फिसकटले, प्रकरण पोलिसांत गेले आणि बुकिंग नव्या संकेतस्थळावर न्यावे लागले. तिथे कारण पैशाचे होते, तांत्रिक बिघाडाचे नव्हते. तरी कोणत्याही करारात आधी शोधायचे कलम एकच: आपली सगळी माहिती सीएसव्ही, जीपीएक्स आणि मूळ फोटोंच्या रूपात, केव्हाही, कोणाची मनधरणी न करता बाहेर काढता येते का?

बदलायचेच तर पावसाळ्यात बदलावे. जुलै ते सप्टेंबर कोअरमधली सफारी बंद असते, गस्त मात्र चालूच राहते, त्यामुळे चाचणीला खऱ्या नोंदी मिळतात. एकाच परिक्षेत्रात महिनाभर दोन्ही सेवा शेजारी-शेजारी चालवाव्यात आणि गस्ती मोजताना फोनवरचा आकडा खरा धरावा. प्रत्येक फोनमधली प्रलंबित यादी शून्यावर आल्याचे संगणक चालकाने स्वतः पाहिल्याशिवाय जुन्या सेवेचे बिल थांबवू नये.