तंत्रगप्पा : गाभ्याला मानवतं, ब्रशला नाही

मंडळी, इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निक करून इकडे आलेल्यांना कॉलेजच्या लॅबमधला डिमरस्टॅट आठवत असेलच. मूठ फिरवली की व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वर चढायचं. डिमरस्टॅट हे खरं म्हणजे मुंबईच्या एका कंपनीचं व्यापारी नाव, पण आपल्याकडे अशा सगळ्याच ट्रान्सफॉर्मरना ते चिकटलं. इथे जर्मनीत त्याला श्टेलट्राफो म्हणतात.

एका वाचकांनी विचारलंय : फ्लोमार्क्टमध्ये जुना श्टेलट्राफो मिळाला. पाटीवर ५०/६० हर्ट्‌झ लिहिलंय. मुलाला तो ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरवर ४०० हर्ट्‌झला चालवून बघायचाय. चालेल का?

चालेल. पण "आठपट फ्रिक्वेन्सी म्हणजे आठपट काम" असा हिशेब कोणी करत असेल, तर तो चुकीचा आहे.

गाभ्यातलं चुंबकत्व व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या प्रमाणात असतं. म्हणजे २३० व्होल्ट तेच ठेवून ५० ऐवजी ४०० हर्ट्‌झ दिले, तर चुंबकत्व एक अष्टमांशावर येतं. गाभा अगदी आरामात असतो, उलट थोडा गारच राहतो. मग मनात येतं, जागा आहे तर व्होल्टेजही आठपट करू या! इथेच घात होतो. पत्र्यांत फिरणाऱ्या एडी करंटचं नुकसान मग ६४ पट होतं. इन्सुलेशन तर २३० व्होल्टच्या हिशेबानेच केलेलं असतं. आणि सगळ्यात आधी जळतो तो कार्बनचा ब्रश. हा ब्रश शेजारच्या दोन वेढ्यांना एकाच वेळी टेकतो, म्हणजे त्यांना शॉर्टच करतो. दोन वेढ्यांत समजा एक व्होल्ट असेल तर ते त्याला सोसतं. आठ व्होल्ट झाले की ठिणग्या!

गाभ्याला जास्त फ्रिक्वेन्सी हवी, ब्रशला नको, हे भांडण जुनं आहे, आणि ते आपण इथे रोज ट्रेनमधून जाताना डोक्यावरच्या तारेत पाहतो. जर्मन रेल्वेची वीज घरातल्यासारखी ५० हर्ट्‌झची नाही. प्रशिया, बाव्हेरिया आणि बाडेन यांनी १९१२ च्या सुमारास १५ हजार व्होल्ट आणि १६⅔ हर्ट्‌झ ठरवले. १९९५ पासून ते १६.७ हर्ट्‌झ आहेत. इतकी कमी फ्रिक्वेन्सी का? तर त्या काळच्या मोटरमध्येही ब्रश कॉइल शॉर्ट करत, आणि फ्रिक्वेन्सी वाढली की ठिणग्याही वाढत. ब्रश वाचला, पण इंजिनातल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा मोठा आणि जड झाला.

फ्रायबुर्गजवळच्या होलेंटाल मार्गावर १९३६ मध्ये २० हजार व्होल्ट, ५० हर्ट्‌झचा प्रयोग सुरू झाला. युद्धानंतर तो भाग फ्रेंचांच्या ताब्यात गेला. त्यांनी तिथल्या अनुभवाचा अभ्यास केला आणि पुढे आपल्या देशात २५ हजार व्होल्ट, ५० हर्ट्‌झची पद्धत आणली. भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये तीच स्वीकारली. होलेंटाल मार्ग मात्र १९६० मध्ये पुन्हा १६⅔ वर आला!

आता मुलाच्या प्रयोगाकडे. पाटीवरचं व्होल्टेज आणि करंट, दोन्ही ओलांडायचे नाहीत. ४०० हर्ट्‌झला एवढं पाळलं की पुरे. तरी लोड लावल्यावर व्होल्टेज जास्त पडेल, कारण गळतीच्या चुंबकत्वाचा अडथळा फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतो. काही हजार हर्ट्‌झला गेलात की जाड पत्र्याच्या आत चुंबकत्व नीट शिरत नाही आणि तांब्यातला करंटही तारेच्या कडेकडेने धावू लागतो. विमानातल्या ४०० हर्ट्‌झच्या ट्रान्सफॉर्मरना म्हणूनच जास्त पातळ पत्रे घालतात, आणि त्याहून खूप वर फेराइट. उलट दिशेने मात्र सांभाळा : १६.७ हर्ट्‌झला याच ट्राफोला साधारण ७७ व्होल्टच झेपतील. जास्त दिलेत तर गाभा संपृक्त होऊन फ्यूज उडेल.

एक गोष्ट मात्र कृपया विसरू नका. श्टेलट्राफोमध्ये आत-बाहेर एकच वायंडिंग असतं, ते भिंतीतल्या विजेपासून तुम्हाला वेगळं करत नाही. आपल्याकडचा तीन पिनांचा प्लग एकाच बाजूने बसतो. इथला शुको उलटासुलटा कसाही बसतो. म्हणजे मूठ शून्यावर असली तरी बाहेरच्या दोन्ही टोकांवर २३० व्होल्ट असू शकतात. भिंतीच्या सॉकेटवर चालवायचा असेल तर आधी मध्ये ट्रेनट्राफो, म्हणजे विलग करणारा ट्रान्सफॉर्मर, जोडा. आणि मुलाला एकट्याला बसवू नका. शेजारी बसा. त्या निमित्ताने तुमचीही उजळणी होईल.