जठरातील बांध ओळखताना

जठराचा कर्करोग म्हटला की पोट उघडून केलेली मोठी शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर येते. रोग आरंभीच सापडला, तर ती अनेकदा टाळता येते. १९६२ साली जपानी तज्ज्ञांनी ‘प्रारंभिक’ कर्करोगाची व्याख्या केली : जठराच्या आतील अस्तरात किंवा त्याखालच्या थरातच असलेला, स्नायूंपर्यंत न पोहोचलेला रोग. त्यातील निवडक रुग्णांत रोगग्रस्त भाग तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो आणि जठर शाबूत राहते.

परंतु काढायचा किती? बांध सापडल्याशिवाय शेताची मोजणी होत नाही, तसेच हे आहे. कमी काढला तर रोग मागे उरतो. साध्या प्रकाशात असा डाग किंचित लालसर वा फिकट, सुजेसारखाच दिसतो. त्याची कड नजरेतून निसटते. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, इंडिगो कार्माइन हा निळा रंग फवारणे. तो अस्तराच्या बारीक खाचांत साचतो आणि उंचसखलपणा स्पष्ट होतो. दुसरा, केवळ ठरावीक निळ्या व हिरव्या प्रकाशात पाहणे. रक्तातील हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे केशवाहिन्या गडद उठून दिसतात. प्रतिमा मोठी केली की केशवाहिन्यांची नियमित जाळी संपून वेडीवाकडी जाळी जेथे सुरू होते, ती सीमारेषा दिसते.

काही प्रकारचा कर्करोग मात्र वरून निरोगी दिसणाऱ्या अस्तराखाली पसरतो. म्हणून भोवतालच्या भागाचेही तुकडे तपासावे लागतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, हा समज निराधार आहे.

हे तंत्र उपयोगी पडते ते रुग्ण वेळेवर पोहोचला तरच. आपल्याकडे, शहरात काय किंवा पाथर्डी-जामखेडच्या वाडीवस्तीवर काय, जळजळ झाली की दुकानातून ॲसिडिटीची गोळी आणून महिनोन्महिने घेतली जाते. कर्करोगाची जखमही या गोळीने तात्पुरती भरल्यासारखी होते आणि मोलाचे महिने निघून जातात. साठीनंतर नव्याने सुरू झालेले अपचन, घटते वजन, चार घासांत पोट भरणे, काळे शौच, रक्तक्षय, वारंवार उलटी किंवा गिळताना अडथळा यांपैकी काहीही आढळल्यास गोळी बदलत बसू नये. दुर्बीण तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. साधी तपासणी आपल्या जिल्ह्यातही होते. सीमारेषेच्या बारकाव्यासाठी पुण्या-मुंबईच्या मोठ्या केंद्रात जावे लागू शकते.

तपासणीपूर्वी सामान्यतः सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. कवळी काढून ठेवावी. रक्त पातळ करणारी व मधुमेहाची औषधे चालू असल्यास आधी सांगावे. ती स्वतःहून बंद करू नयेत.

“आता या वयात दुर्बीण कशाला?” असे घरातील वडीलधारी विचारतात. मोठी शस्त्रक्रिया ज्या वयात सर्वांत जड जाते, त्याच वयात ती टाळण्याची संधी सर्वाधिक मोलाची असते, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे.