पाऊस एकच, अरण्यं वेगळी

भरपूर पाऊस आणि बारमाही ऊब असली की सदाहरित अरण्य उगवतं आणि ते सगळीकडे सारखंच असतं, असं मानणारे पुष्कळ आहेत. एकीकडचं हेक्टरभर रान तोडून दुसरीकडे तेवढंच लावण्याचे हिशेब याच समजुतीवर मांडले जातात. ही समजूत मुळातच चुकीची आहे.

बोर्निओतल्या सबाहमधलं सेपिलोकचं राखीव जंगल पाहा. काही किलोमीटरांच्या परिसरात तिथे तीन वेगळी अरण्यं आहेत. सखल गाळाच्या जमिनीवर शालवृक्षाच्या कुळातले महावृक्ष वनछत्र फोडून वर जातात. वालुकाश्माच्या टेकड्यांवर जाती बदलतात. आम्लधर्मी, निकस वाळूवरच्या केरांगास रानात बारीक खोडांची दाटी, लहान जाड पानं आणि बुटकं, सपाट छत दिसतं. पावसाशिवाय यांतलं एकही रान उभं राहिलं नसतं, हे मान्य. पण पाऊसच सगळं ठरवत असता, तर एकाच पावसाखाली हा फरक पडला नसता.

फरक पाडते ती जमीन. माथ्यावरची माती आणि अन्नद्रव्यं पाण्याबरोबर उतरून सखल भागात साठतात. वाळूत ती टिकत नाहीत. अन्नद्रव्यांचा तुटवडा असला की झाड पानं चटकन गाळत नाही. ते जाड, टिकाऊ पान धरतं आणि सावकाश वाढतं.

कुणी विचारेल, ॲमेझॉनची माती निकस असूनही तिथे घनदाट अरण्य कसं? कारण पडलेल्या पानांतली अन्नद्रव्यं वाहून जाण्याआधीच मुळं आणि बुरशी ती परत उचलतात. तरीही तुटवडा उरतोच. ॲमेझॉनमधल्याच मनाउस शहराजवळच्या जंगलात खतं घालून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. नत्राने फरक पडला नाही. स्फुरद दिल्यावर बारीक मुळांची आणि पानांची वाढ वधारली.

आपल्याकडेही हेच दिसतं. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी जांभ्याच्या पठारावरचं अंजनी-जांभळाचं रान ठेंगणंच राहतं. कासच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, तर मातीचा थरच इतका पातळ की पावसाळ्यात तिथे रानफुलं बहरतात, अरण्य होत नाही. असा सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे. त्यावर खड्डे खणून झाडं लावणं म्हणजे त्याचा नाश आहे.

म्हणून जंगलाचा हिशेब नुसत्या हेक्टरांत करू नये. दरीतल्या अरण्याची भरपाई माथ्यावर होत नाही. जतन करायचं तर माथा, उतार आणि दरी सलग राखायला हवेत, कारण त्यांच्यातल्या फरकावरच अरण्याचं वैविध्य उभं आहे.