विश्लेषण : शिक्षकांना ५० तासांचे प्रशिक्षण, त्यात इतिहास किती?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षित धरला आहे. मात्र नववी-दहावीला इतिहास आणि आंतरराष्ट्रीय घडामोडी शिकवणाऱ्या शिक्षकांची गरज इतरांपेक्षा वेगळी आहे. वसईतील पापडीसारख्या ठिकाणी ती विशेष जाणवते.

धोरण काय सांगते?

२०२० च्या धोरणानुसार हे ५० तास शिक्षकाच्या आवडीनुसार आणि गरजेनुसार असावेत. माध्यमिक शिक्षकांसाठी २०२१ मध्ये ‘निष्ठा’चा दुसरा टप्पा ‘दीक्षा’ या संकेतस्थळावरून ऑनलाइन सुरू झाला. त्यातील बहुतांश घटक सर्व विषयांच्या शिक्षकांसाठी समान होते. विषयनिहाय भाग होता, पण इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र हे सारे ‘सामाजिक शास्त्रे’ या एकाच छत्राखाली आले. राज्यात १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवडश्रेणी यांसाठीही प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्यामुळे प्रशिक्षण म्हणजे वेतनश्रेणीसाठीचे प्रमाणपत्र, असे समीकरण सहज तयार होते.

पाठ्यपुस्तक आणि घडामोडींत अंतर किती?

राज्य मंडळाचे नववीचे ‘इतिहास व राज्यशास्त्र’ हे पुस्तक २०१७ मध्ये आले. त्यातील राज्यशास्त्राच्या भागात महायुद्धोत्तर जग, भारताचे परराष्ट्र धोरण, संयुक्त राष्ट्रे आणि आंतरराष्ट्रीय समस्या आहेत. पुस्तक आले तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होता आणि ‘ब्रिक्स’मध्ये पाच देश होते. त्यानंतर २०२१ मध्ये अफगाणिस्तानात तालिबान परतले, २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, २०२३ मध्ये गाझातील युद्ध पेटले. विद्यार्थी वर्गात येतो तो मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून. त्यातले खरे किती, हे तपासायचे कसे, याचे उत्तर त्याला शिक्षकाकडून हवे असते.

पापडीचे उदाहरण का?

पापडीपासून वसईचा किल्ला काही किलोमीटरवर आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही येथेच. आजच्या वसईत कुपारी आणि इतर ख्रिस्ती, वाडवळ, कोळी, आगरी, मुस्लिम, शिवाय देशभरातून स्थायिक झालेली कुटुंबे आहेत. त्यांची मुले एका बाकावर बसतात. अशा वर्गात १७३९ चा विजय शिकवताना ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ हे शब्द जपून वापरावे लागतात. ख्रिस्ती मुलाला आपण परका आहोत असे वाटता कामा नये आणि पोर्तुगीज राजवटीतील धार्मिक छळही झाकला जाऊ नये. हा तोल साधण्याचा सराव समान घटकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणातून होत नाही.

मग प्रशिक्षण कसे असावे?

साधनांपासून सुरुवात करता येते. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड छापील आहेत, तर पोर्तुगीज कागद गोव्याच्या पुराभिलेखागारात आहेत. एकाच घटनेची दोन्ही बाजूंची कागदपत्रे शेजारी ठेवून वाचणे ही शिक्षकांसाठी उत्तम कार्यशाळा ठरू शकते. शरणागतीच्या अटींत पोर्तुगीजांना बाहेर पडण्याची मुभा होती आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या उपासनेचीही तरतूद होती. हा तपशील कळला की वर्गातील चर्चेचा सूर बदलतो. दुसरे उदाहरण संत गोन्सालो गार्सिया यांचे. वसईत जन्मलेल्या गार्सिया यांना १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मारण्यात आले. सोळाव्या शतकातील व्यापार, धर्मप्रसार आणि परराष्ट्र संबंध या एका चरित्रातून उलगडतात.

इतरत्र काय अनुभव आहे?

शीतयुद्ध संपल्यावर १९९२ मध्ये युरोपातील इतिहास शिक्षकांच्या संघटनांनी ‘युरोक्लिओ’ हे जाळे उभे केले. वादग्रस्त इतिहास कसा शिकवावा, यावर शिक्षकच शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतात. एकमेकांशी तीन मोठी युद्धे लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनीने २००६ मध्ये संयुक्त इतिहास पाठ्यपुस्तकाचा पहिला खंड काढला.

हीच वेळ का?

एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयातील वेळापत्रकानुसार नवा अभ्यासक्रम नववीला २०२७-२८ मध्ये आणि दहावीला २०२८-२९ मध्ये लागू होणे अपेक्षित आहे. पुस्तक बदलण्याआधी शिक्षकांची तयारी झाली, तर त्याचा लाभ पहिल्याच तुकडीला मिळेल. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने ५० पैकी १० तास जरी इतिहास शिक्षकांच्या स्थानिक गटांसाठी राखले, तरी वसईच्या शिक्षकांना किल्ल्यावरच कार्यशाळा घेता येईल. त्यासाठी नवा निधी किंवा नवे संकेतस्थळ लागणार नाही. तासांच्या हिशेबात विषयाला जागा द्यावी लागेल, इतकेच.